कै. डॉ. सौ. आनंदीबाई जोशी यांचा प्रवेशअर्ज

आपल्या शाळेंतून दरवर्षीं शेवटची परीक्षा देऊन बाहेर पडणारे विद्यार्थी कॉलेजच्या कचेरींत जातात, त्या वेळीं त्यांच्या हातीं कागदांचें एक पुडकें असतें. त्यांत शाळा सोडल्याचा दाखला असतो, गुणपत्रिका असते, वर्तणुकीविषयीं मुख्याध्यापकांचें शिफारसपत्र असतें. आणि घरची स्थिति बेताची असेल तर शिष्यवृत्तीचा अर्जहि असतो. ह्या कागदांना आपण इतके सरावलों आहों कीं, ते नसतील तर विद्यार्थ्याची योग्यता कशी ठरवावयाची, हा प्रश्न आपल्या मनांत सहसा उभाच राहत नाहीं. इ. स. १८८३ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरच्या एका वैद्यकीय कॉलेजापुढें मात्र हा प्रश्न खरोखरीच येऊन उभा राहिला. अर्ज करणारी अठरा वर्षांची एक महाराष्ट्रीय मुलगी होती. दाखविण्यासारखें परीक्षेचें प्रशस्तिपत्र तिच्यापाशीं नव्हतें. तिचें बहुतेक सारें शिक्षण घरीं, आणि तेंहि पोस्टखात्यांतील एका कारकुनाच्या हाताखालीं झालें होतें. तो कारकून तिचा पति होता.

ह्या मुलीचें माहेरचें नांव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यांत ३१ मार्च १८६५ रोजीं तिचा जन्म झाला. नऊ वर्षें पुरीं होतांच, १८७४ सालीं, तिचें लग्न संगमनेरचे गोपाळराव जोशी यांच्याशीं झालें. गोपाळराव बिजवर होते. वयानें तिच्याहून सुमारें वीस वर्षांनीं मोठे होते. मुलीला आपण शिकवूं, त्यास कोणीं आडकाठी करूं नये, अशी अट त्यांनीं लग्नापूर्वींच घातली होती. ज्या काळीं नवऱ्याच्या देखत बायकोनें पुस्तक हातीं धरणें म्हणजे घराण्यास काळिमा समजला जाई, त्या काळीं ही अट घालणारा मनुष्य विक्षिप्त ठरला यांत नवल नाहीं. सासरीं तिचें नांव आनंदी असें ठेवण्यांत आलें.

गोपाळरावांची बदली जेथें होई, तेथें ही घरची शाळा जाई. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशी तिचीं ठिकाणें होत गेलीं. कोल्हापुरास व मुंबईस आनंदीबाई कांहीं दिवस शाळेंतहि गेल्या. मुंबईची शाळा मिशनची होती. पण पुस्तकें घेऊन रस्त्यानें जाणारी परकरी नव्हे तर लग्न झालेली मुलगी हें दृश्य लोकांना सोसवेना. टवाळी होई, अपशब्द कानीं पडत. त्यामुळें खरी शाळा ती घरचीच राहिली. वर्ग एकच, विद्यार्थिनी एकच, आणि शिक्षकहि एकच. सुट्टी मात्र कधींच नाहीं.

ही शाळा कडक होती असें म्हणणें म्हणजे कमी म्हणणें होय. अभ्यास टाकून मुलगी चुलीपाशीं बसलेली दिसली तर गोपाळरावांचा संताप अनावर होई. इतर घरांत स्वयंपाक चुकला म्हणून बायको मार खाई. येथें स्वयंपाक केला म्हणून खाई. लहान वयांत आपणांस लाकडानें मारलें, पुढें पुस्तकें व खुर्च्या अंगावर फेकल्या, सोडून जाण्याची धमकी दिली, हें सर्व आनंदीबाईंनीं पुढें अमेरिकेंतून पतीस लिहिलेल्या एका पत्रांत शांतपणें नमूद केलें आहे. त्याच पतीचे आपणांवर फार उपकार आहेत, हेंहि त्यांनीं लिहून ठेवलें आहे. चरित्रकारांपैकीं कोणी पहिली गोष्ट गाळतात, कोणी दुसरी. आम्हांस वाटतें, दोन्ही जवळजवळ ठेवूनच वाचाव्या. गोपाळरावांचा हेतु थोर होता हें खरें. पण हेतु थोर असला म्हणजे मारलेला मार लागत नाहीं, असें थोडेंच आहे?

वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. त्या वेळीं योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वांचलें असतें, असें त्यांच्या मनानें घेतलें. स्त्रियांना औषध देणारी स्त्रीच पाहिजे, आणि ती आपणच कां होऊं नये, हा विचार तेथून त्यांच्या मनांत रुजला. तोंपर्यंत शिकणें ही पतीची इच्छा होती. येथून पुढें ती त्यांची स्वतःची झाली.

परदेशीं शिकण्याची खटपट मात्र आधींपासूनच गोपाळरावांनीं चालविली होती. १८७८ सालीं त्यांनीं कोल्हापूरच्या मिशनमार्फत रेव्हरंड वाइल्डर यांना पत्र लिहिलें. वाइल्डरसाहेब पुष्कळ वर्षें कोल्हापुरास राहून अमेरिकेंत परतले होते व तेथें मिशनविषयक एक मासिक चालवीत होते. पत्नीला शिकवावयाचें आहे, आपणांसहि तेथें कांहीं उद्योग मिळावा, अशी गोपाळरावांची विनंति होती. उत्तर आलें तें असें कीं, उभयतांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर मदतीचा विचार होईल. जोशी दांपत्यास ही अट मान्य नव्हती. मिशनच्या शाळेच्या अंकांत ही गोष्ट झांकून ठेवण्याचें कांहीं कारण नाहीं. कारण तिचा पुढील भाग असा आहे कीं, वाइल्डरसाहेबांनीं हा पत्रव्यवहार आपल्या मासिकांत छापला, आणि तो छापला नसता तर आनंदीबाईंचें नांव आज कोणास ठाऊकहि नसतें.

१८८० सालीं न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर नांवाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. वेळ घालविण्यासाठीं त्यांनीं मासिकाचा जुना अंक उचलला. त्यांत त्यांना हीं पत्रें दिसलीं. एका हिंदु पतीची पत्नीला शिकविण्याची तळमळ वाचून त्या सद्गदित झाल्या, आणि घरीं आल्यावर त्यांनीं त्या अपरिचित मुलीस पत्र लिहिलें. कसलीहि अट न घालतां त्यांनीं तिला आपल्या घरीं राहावयास बोलाविलें.

येथून पुढें तीन वर्षें जो पत्रव्यवहार चालला, त्याकडे चरित्रकार स्नेहाची एक सुंदर कथा म्हणून पाहतात. ती तशी आहेच. दोघींत मावशी-भाचीचें नातें जडलें. पण शिक्षणाच्या दृष्टीनें पाहिलें तर हीं पत्रें हाच आनंदीबाईंचा इंग्रजी निबंधाचा वर्ग होता. बालविवाह, हिंदूंचे सण, देवधर्म, चालीरीति, स्त्रियांची स्थिति, हे सारे विषय परक्या माणसास समजतील अशा रीतीनें परक्या भाषेंत मांडावयाचे, त्यावर आलेल्या प्रश्नांस उत्तर द्यावयाचें, मतभेद असेल तर नम्रपणें पण ठामपणें सांगावयाचा: ह्याहून चांगला अभ्यासक्रम कोणती शाळा आंखून देणार? शिवाय ज्या बाईला तीन वर्षें अशीं पत्रें आलीं, तिला ह्या मुलीच्या बुद्धीविषयीं व चारित्र्याविषयीं निराळ्या शिफारसपत्राची गरज उरली नाहीं. तीच चालतीबोलती शिफारस झाली.

कलकत्त्यास असतां आनंदीबाईंची प्रकृति वारंवार बिघडे. ताप, डोकेदुखी, धाप हीं पाठ सोडीत ना. कार्पेंटरबाईंनीं अमेरिकेहून औषधें पाठविलीं, तींहि लागूं पडलीं नाहींत. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. अर्जाच्या वेळीं तिचा संबंध येणार आहे.

पुढें गोपाळरावांची नेमणूक श्रीरामपुरास झाली. हें कलकत्त्याजवळचें श्रीरामपूर. केरी व त्यांचे सहकारी यांनीं १८१८ सालीं काढलेलें कॉलेज तेथें आहे. पतीस रजा मिळण्याचें चिन्ह दिसेना, तेव्हां आनंदीबाईंनीं एकटीनेंच जावें असें ठरलें. ही वार्ता पसरतांच चोहोंकडून टीका सुरू झाली. सनातनी म्हणत, ही बाटणार. कांहीं ख्रिस्ती लोक म्हणत, आधीं बाप्तिस्मा घ्या, मग जा. ह्या सर्वांना उत्तर देण्यासाठीं आनंदीबाई २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर कॉलेजच्या दिवाणखान्यांत व्याख्यानास उभ्या राहिल्या. अमेरिकेस कां जातां, येथेंच शिकण्याची सोय नाहीं काय, एकटींच कां जातां, जातींतून बाहेर टाकतील त्याचें काय, असे जे प्रश्न लोक विचारीत, ते एकेक घेऊन त्यांनीं त्यांचें समाधान केलें. मद्रासेस स्त्रियांना वैद्यकीचें शिक्षण मिळतें, पण ख्रिस्ती नव्हे व ब्राह्मोहि नव्हे अशा हिंदु स्त्रीस तेथें होणारा जाच सोसणें कठीण, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असेंहि त्यांनीं जाहीर केलें. व्याख्यानाची बातमी देशभर गेली, आणि ठिकठिकाणाहून मदत येऊं लागली. देणगीदारांत व्हाइसरॉय लॉर्ड रिपन हेहि होते.

७ एप्रिल १८८३ रोजीं कांहीं अमेरिकन मिशनरी स्त्रियांच्या सोबतीनें आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या, आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्क बंदरांत उतरल्या. कार्पेंटरबाई धक्क्यावर घ्यावयास आल्या होत्या. तीन वर्षें अक्षरावरून ओळखलेलें माणूस प्रथमच डोळ्यांपुढें उभें राहिलें.

फिलाडेल्फियाचें पेनसिल्व्हेनिया स्त्री-वैद्यकीय कॉलेज १८५० सालीं स्थापन झालेलें होतें. केवळ स्त्रियांना डॉक्टरीची पदवी देण्यासाठीं निघालेल्या जगांतील अगदीं आरंभीच्या संस्थांपैकीं तें एक होय. ओळखीच्या एका डॉक्टर दांपत्यानें तें सुचविलें होतें. अमेरिकेच्या भूमीवर पाय ठेवल्यापासून चोवीस दिवसांनीं, २८ जून १८८३ रोजीं, आनंदीबाईंनीं कॉलेजचे एक चालक आल्फ्रेड जोन्स यांना पत्र लिहिलें. आमच्या मतें त्यांच्या सबंध चरित्रांत ह्या पत्राइतका महत्त्वाचा दुसरा कागद नाहीं. पदवीचें प्रशस्तिपत्रहि त्याच्या मागून येतें.

पत्र लहानसें आहे. पण त्याची मांडणी पाहण्याजोगी आहे. आरंभींच त्या कबूल करतात कीं, कॉलेजांत प्रवेश मिळण्यास ज्या गोष्टी लागतात, त्या सर्व कदाचित् आपल्या ठायीं नसतील. परंतु आपली गोष्ट सर्वसाधारण नसल्यामुळें सवलत मिळावी. उणें झांकण्याचा यत्न नाहीं, आणि उणें आहे म्हणून रडगाणेंहि नाहीं. आपल्यांतील पुष्कळ अर्जदार उणीव शेवटच्या ओळींत, बारीक अक्षरांत घालतात. ह्या मुलीनें ती पहिल्या ओळींत घातली. त्यानंतर प्रकृति चांगली असल्याचें त्या सांगतात. त्यानंतर जो निश्चय आपणांस आप्तांच्या व जातीच्या एकजुटीच्या विरोधाला न जुमानतां ह्या देशापर्यंत घेऊन आला, तोच निश्चय पुढील कामींहि उपयोगी पडेल, असें त्या म्हणतात. गुणपत्रिकेच्या जागीं त्यांनीं आपला निश्चय मांडला. आणि तो पोकळ शब्द नव्हता, कारण त्याचा पुरावा म्हणून हजारो मैलांचा प्रवास त्यांच्या पाठीशीं होता.

मग येतो हेतु. ज्या स्त्रिया पुरुष वैद्याच्या हातून औषध घेण्यापेक्षां मरण बरें समजतात, त्या आपल्या देशभगिनींना खरी वैद्यकीय मदत देण्यासाठीं आपण आलों आहों, असें त्या लिहितात. दहा दिवसांच्या मुलाचा त्यांत उल्लेख नाहीं. तो केला असता तर वाचणाऱ्याचे डोळे पाणावले असते. तरीहि त्यांनीं तो केला नाहीं. शेवटीं पैशाची गोष्ट येते, आणि ती मागण्याची रीत तर फारच निराळी आहे. स्वतःकरितां म्हणून कांहींच नको. ह्या कामाला योग्य होण्यास जेवढें आवश्यक, तेवढेंच आपण ह्या कॉलेजच्या, किंवा जें कॉलेज आंत घेईल त्याच्या, दाराशीं नम्रपणें मागतों, असा त्याचा आशय आहे. मागणें नम्र आहे; मात्र दार एकच नाहीं, हें सुचविण्यासहि त्या चुकल्या नाहींत.

कॉलेजच्या डीन रेचल बॉडली ह्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. प्रयोगशाळेंत पदार्थाच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचून न थांबतां आंतील पदार्थ तपासण्याची त्यांना संवय असावी, असें त्यांनीं ह्या अर्जाची जी वाट लावली तीवरून वाटतें. कॉलेजानें आनंदीबाईंना प्रवेश दिला आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीं शिष्यवृत्तीहि देऊं केली. धर्म बदलण्याची अट घातली नाहीं. जी विद्यार्थिनी कोणत्याहि कसोटीला अद्याप उतरलेली नाहीं, तिच्यावर तीन वर्षांचा भरंवसा टाकणें म्हणजे चालकांच्या दृष्टीनें धोकाच होता. तो त्यांनीं पत्करला.

ऑक्टोबर १८८३ मध्यें अभ्यास सुरू झाला. ज्या मुलीला वर्गांत बसण्याची संवय नव्हती, ती आतां शरीरशास्त्र व रसायनशास्त्र परक्या भाषेंत, परक्या मुलींच्या बरोबरीनें शिकूं लागली. अभ्यास तिनें निभावला. घात केला तो थंडीनें. राहण्याच्या खोलींतील शेगडी धुमसे. पेटवावी तर धूर, विझवावी तर गारठा. आहार शाकाहारीच ठेवलेला, आणि तो हातानें शिजवावयाचा. नऊवारी लुगड्यानें पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून त्यांनीं गुजराती पद्धतीनें साडी नेसण्यास आरंभ केला. लुगडें सोडून झगा मात्र घातला नाहीं. इकडून गोपाळरावांचीं पत्रें येत, त्यांत कधीं प्रेम असे, कधीं संशय. त्यांनाहि उत्तर द्यावयाचें, आणि दुसऱ्या दिवशींच्या पाठाची तयारीहि करावयाची.

अर्जांत प्रकृति चांगली म्हणून लिहिलें होतें. तें त्या वेळच्या आशेनें लिहिलें कीं प्रवेश हुकूं नये म्हणून लिहिलें, ह्याची चौकशी करीत बसणें आम्हांस बरें वाटत नाहीं. एवढें खरें कीं, अर्जांतील बाकीची प्रत्येक गोष्ट त्यांनीं खरी करून दाखविली, आणि हीच एक गोष्ट त्यांच्या हातीं नव्हती.

१८८५ सालीं गोपाळराव अमेरिकेंत येऊन पोंचले. ११ मार्च १८८६ रोजीं पदवीदान समारंभ झाला. प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय आनंदीबाईंनीं प्रबंधासाठीं घेतला होता. घरीं शिकलेलें संस्कृत येथें कामास आलें असेल, असें मानण्यास हरकत नाहीं. समारंभासाठीं पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या. त्या आनंदीबाईंच्या नात्यांतल्याच होत्या. वैद्यकशास्त्राची पाश्चात्त्य पदवी मिळविणारी पहिली हिंदु स्त्री म्हणून आनंदीबाईंचें नांव झालें. कोल्हापूर संस्थानानें त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागावर नेमलें.

परंतु क्षयानें शरीरांत घर केलें होतें. नोव्हेंबर १८८६ मध्यें आनंदीबाई मुंबईस उतरल्या त्या आजारीच. कोल्हापूरच्या रुग्णालयाचा ताबा त्यांना घेतां आला नाहीं. जी दुसऱ्यांची नाडी पाहण्यास शिकून आली, तिचीच नाडी पाहत लोकांना बसावें लागलें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. बाविसावें वर्ष पुरें होण्यास महिनाभर अवकाश होता.

मग कॉलेजानें दिलेली शिष्यवृत्ति फुकट गेली काय? एका रोग्यालाहि जिच्या हातून स्वदेशीं औषध मिळालें नाहीं, तिच्यावर केलेला खर्च हिशेबाच्या वहींत कोणत्या बाजूस लिहावयाचा? असा प्रश्न त्या वेळींहि कोणाच्या मनांत आला असेल. रेचल बॉडली यांच्या मनांत तो आला नसावा. त्याच वर्षीं रमाबाईंनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजींत जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्याला बॉडलीबाईंनीं प्रस्तावना लिहिली, आणि तींत आपल्या ह्या विद्यार्थिनीविषयीं अभिमानानें लिहिलें. त्या पुस्तकामुळें अमेरिकेंत रमाबाईंच्या कार्यास पैसा उभा राहिला, आणि १८८९ सालीं मुंबईस शारदासदन निघालें. फिलाडेल्फियाच्या त्या कॉलेजचें दारहि पुन्हा बंद झालें नाहीं. आनंदीबाईंच्या बरोबर तेथें जपानची केई ओकामी व सीरियाची साबात इस्लामबूली ह्या शिकत होत्या; १८८५ सालच्या एका छायाचित्रांत तिघी आपापल्या देशाच्या वेषांत शेजारीं शेजारीं दिसतात. ओकामीबाई १८८९ सालीं व इस्लामबूलीबाई १८९० सालीं डॉक्टर झाल्या. १८९२ सालीं गुरुबाई करमरकर यांनीं ह्याच कॉलेजची पदवी घेतली, आणि परत येऊन मुंबईंत अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयानें त्यांनीं पुष्कळ वर्षें स्त्रियांना व मुलांना औषधोपचार केले.

आनंदीबाईंच्या अस्थि गोपाळरावांनीं कार्पेंटरबाईंकडे पाठविल्या. न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी गांवच्या स्मशानभूमींत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेंत, त्या ठेवण्यांत आल्या. तेथील दगडावर त्यांचें नांव, पदवी व जन्ममृत्यूचीं सालें कोरलेलीं आहेत, आणि शिक्षणासाठीं हिंदुस्थान सोडून आलेली ही पहिली ब्राह्मण स्त्री होय, एवढें त्याखालीं लिहिलें आहे.